मधमाश्यांना निरोप

आज मधाची बाटली उघडली आणि वासासरशी मी मीरा रोडहून थेट जर्मनीतल्या खेड्यात पोचलो. कंपनीने यंत्र शिकायला धाडलं होतं. गाव एवढंसं, की चर्चच्या सावलीत अख्खं मावायचं. राहायचं लाकडी घर तर पेशवाईहून जुनं!

एका सकाळी घरमालक वारले. मालकीणबाई आधी परसात पाळलेल्या मधमाश्यांकडे गेल्या. प्रत्येक पेटीवर टकटक करून म्हणाल्या, "मालक गेले. आता मी आहे. जाऊ नका."

"माश्यांना काय कळतंय, बाई?"

"न सांगितलं तर सोडून जातात. जुनी रीत आहे."

मीरा रोडला परतल्यावर मी ठोकून दिलं, माश्या ढसाढसा रडल्या. बायको पोट धरून हसली.

तिच्या हातची ज्वारी खाणारी कबुतरं आज खिडकीत ताटकळत होती. मी ग्रिलवर टकटक केली. "ती गेली रे. आता मी आहे."

एकही उडालं नाही. ही थाप नाही.