ताईच्या शेजारी बसणारं माणूस

माझी थोरली बहीण फारशी बोलत नसे. मुकी नव्हती, गुणगुणायची, मनात आलं तर एखादा शब्द टाकायची. पण हाक मारली तर वळायची नाही. बाबा आश्रमशाळेत मास्तर होते आणि आम्ही मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गोंड गावात राहायचो. तिथं ताईला कोणी नावं ठेवली नाहीत. "तिची आपली तऱ्हा हाय," एवढंच म्हणायचे. संपला विषय!

मोहाच्या दिवसांत तर ती गावातली सगळ्यात सुखी पोरगी. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली असायची, पहाटे टपटप फुलं पडायची. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. बायका आपापल्या झाडाखाली गप्प वेचत बसायच्या. गावानं ताईलाही एक झाड दिलं होतं. कोणी तिची हनुवटी धरून "बोल ना गं" म्हणायचं नाही, कोणी तिच्या डोळ्यांत डोळे घालायचं नाही. टोपली भरली की ती उठायची आणि आपलेच हात हुंगत घरी यायची. ती ताई मला आजही हवी आहे.

मग बाबांची बदली वरोऱ्याला झाली. घर नागपूर रोडला अगदी लागून. ट्रकचा हॉर्न वाजला की ताई किंचाळायची, कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. शेजारीण दारात यायची, "काऊन ओरडते हो तुमची पोरगी? कुठी दाखवा तं खरं तिले." दाखवलं. भगताला, वैद्याला, शेवटी नागपूरच्या डॉक्टरला. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम. मराठीत स्वमग्न. मग्न म्हणे! कोणी काढला हो हा शब्द? भिंतीवर डोकं आपटणारं माणूस मग्न असतं होय? "हे अपंगत्व आहे," डॉक्टर आईला म्हणाले, "मान्य करा, म्हणजे पुढचं सोपं जाईल." आई त्या दिवशी जेवली नाही.

माझ्याही घशाखाली तो 'अपंग' शब्द उतरेना. माझी एक मैत्रीण पुण्याला शिकत होती, इंटरनेटवर बरंच काही वाचायची. सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "अपंग काय म्हणता तिला? तिचा मेंदू वेगळा आहे, बस. अपंग तिला तुमच्या या रस्त्यानं केलंय." मी तर तिला टाळीच दिली. अगदी हेच! गावात होती तेव्हा कुठे होती ताई अपंग? आई-बाबा थकत चालले होते आणि त्यांच्यामागे ताईचं काय, हा घोर घरात सगळ्यांनाच होता. मी मनाशी ठरवून टाकलं. गावात एक खोली घ्यायची, ताईला तिथं ठेवायचं. वेचू दे मोह, जगू दे तिच्या तऱ्हेनं.

मार्चात मी आणि ताई गावी गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई उठली ती थेट आपल्या झाडाखाली. इतक्या वर्षांनी! वेचता वेचता गुणगुणायला लागली आणि मला भरूनच आलं. शेजारच्या झाडाखाली आमच्या लहानपणी तिथं वेचायची तीच बाई होती, आता पार वाकलेली. मी तिला माझा बेत सांगितला आणि वर म्हटलं, "बाई, इथं किती चांगली होती आमची ताई! तिला काही झालंच नव्हतं."

तिनं हातातली फुलं टोपलीत टाकली.

"काऊन झालं नवतं? मोहाखाली अस्वल येते पोरी. आमी बोंबललो का साऱ्या पळत. तुही बहीन मान वर करून पाहे नाई. मंग? रोज एक बाई आपलं झाड सोडून तिच्याजवळ बसे, काठी घेऊन. पाळीपाळीनं. तुह्या मायले मालूम होतं."

मला नव्हतं. मला वाटायचं, बायका दमल्या की ताईजवळ टेकतात!

"मग आता ठेवू का हिला इथं?" मी विचारलं.

"आता बसन कोन? सुना-पोरी मिरच्या तोडाले आंध्रात जातेत. तुमी तिले काय म्हनाचं ते म्हना, जवळ मानूस तं पाह्यजे ना." आणि माझं तोंड बघूनच बहुतेक, म्हणाली, "पुढच्या साली आन. मी असन तं मी बसीन."

परतीच्या बसमध्ये मला डॉक्टरचाही राग आला आणि मैत्रिणीचाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं, पण ताईजवळ एक सकाळ कोणी बसलं नव्हतं. म्हातारीचं ते वाक्य मात्र मी वर्षभर जपलं. ताईला रोज सांगायची, मोह पडायला लागला की जाऊ हं आपण.

होळीच्या तोंडावर निरोप आला. म्हातारी गेली.

त्याच आठवड्यात ताई पहाटे उठली आणि चपला घालून दारात उभी राहिली. "नाही गं जायचं, ताई," मी म्हटलं, "बाई वारली." तिनं ऐकलं की नाही, कळलं की नाही, देव जाणे. ऊन चढेपर्यंत ती तिथून हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई म्हणाली, आत घे तिला. पण मला काही तिला आत घेववेना. खरं सांगते, मलाही जायचं होतं.