फक्कीतली पावलं

अण्णांना जमीन वाचता यायची. संध्याकाळी ते मेट्रो स्थानकासमोरच्या मोकळ्या जागेत पांढरी फक्की भुरभुरवायचे आणि सकाळी तिच्यात उमटलेल्या पावलांपुढे उकिडवे बसायचे.

"ही बाई डोईवर पाटी घिऊन गेली. टाच बगा कशी रुतलीया. हितं घुटमळली. रस्ता वलांडायचं भ्या वाटलं असंल तिला."

मला तिथे नुसता धुरळा दिसायचा.

महाळुंग्यातलं त्यांचं शेत या स्थानकाच्या जागेत गेलं आणि त्याच जागेच्या मोजणीवर फीत धरायला ते आमच्या कचेरीत कामाला लागले. आराखडा माझा होता. गाडीतून उतरलेल्या माणसाने कुठून चालावं हे ठरवायला मी परदेशात शिकून आलो होतो. पण बैठकीत आमचे साहेब माझं ऐकून झाल्यावर विचारायचे, "अण्णांचं काय म्हणणं?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी तीन महिने खपून एक डौलदार पायवाट काढली होती. पार्किंगला वळसा घालून बसथांब्यापर्यंत, दुतर्फा झाडं, बसायला कट्टे. अण्णांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला.

"झ्याक हाय. पर बस चुकल की वो!"

साहेब खो खो हसले. मी त्या दिवशी जेवलो नाही.

अण्णांनी सुचवलेली वाट थांब्यापर्यंत नाकासमोर सरळ होती. पूर्वी त्यांच्या शेतातून वाडीतली माणसं तिथूनच जायची. "दरसाल तिच्यावर नांगर घालायचो. चार दिसांत पुन्ना पडायची. मानसाच्या पायाफुडं आपलं शानपन चालत न्हाई, सायेब."

वाट एकच बांधायची होती. फक्कीत जिथे जास्त पावलं, तिथे ती होणार असं ठरलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तिथे पोचलो आणि माझ्या वळणावर एकटाच वीसेक वेळा येरझाऱ्या घातल्या. आता लिहितानाही लाज वाटते.

साहेबांबरोबर अण्णा आले, उकिडवे बसले. "ह्यो समदा एकाच बुटाचा पाय हाय," ते पुटपुटले. मग त्यांची नजर माझ्या बुटांवर गेली. बूट मी पुसले होते, पण नाड्या पांढऱ्याच राहिल्या होत्या.

अण्णा उठले, गुडघे झटकले. "सायेब, सरळ वाट तर कराच. पर ही बी ऱ्हाऊ द्या. कुनाचा तरी लई जीव हाय हिच्यात."

दोन्ही वाटा झाल्या. त्यांनी मला आयुष्यभरासाठी हरवलं, तेही माझी बाजू घेऊन. हे मला आजही पचलेलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. माझ्या वाटेवरची झाडं छान वाढली आहेत, कट्टे रिकामे असतात. सरळ वाटेवर मात्र सकाळी पाऊल ठेवायला जागा नसते. लोकांना अण्णा ठाऊकही नाहीत, तरी मला अण्णांचाच हेवा वाटतो.

आणि बस यायची वेळ झाली की मीही सरळ वाटेनेच जातो. जीव जळत असतो, पण पाय तिकडेच वळतात.