व्याह्यांचा कॉम्प्युटर आणि देवाचा कौल

भोर-वेल्ह्यात जुनं जपणारी माणसं पुष्कळ आहेत, पण हाती आलेल्या वस्तूला मरूच न देणारा माणूस आमच्या व्याह्यांसारखा दुसरा नाही. माझी मुलगी कामथडीला त्यांच्या घरात दिली आहे. त्या घरातल्या पंख्याला गिरणीचं बटण आहे आणि व्याह्यांनी स्वतःची कवळीसुद्धा घरीच सांधली आहे. लग्नात आम्ही त्यांना नवं घड्याळ दिलं, तर त्याचा पट्टा काढून त्यांनी जुन्या घड्याळाला लावला आणि नवं कपाटात ठेवलं. म्हणाले, "सुट्टे भाग लागत्यात कधी तरी." मला राग आला होता. पण जुनं घड्याळ अजून चालतंय, तेव्हा बोलायची सोय नाही.

त्यांचा कॉम्प्युटर असाच, मुलाच्या कॉलेजच्या वेळचा. त्यावर कॅमेरा चिकटवून ते आसपासच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढून ठेवतात, पुढे भिंतीवर लावायला. त्यांचे वडील गेले तेव्हा घरात फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतलं एक पुसट डोकं मोठं करून आणलं. वर्षभर हार घातल्यावर कळलं, तो आचारी होता. तेव्हापासून म्हातारं माणूस दिसलं की व्याही सरळ विचारतात, "तुमचा झाला का काढून?" कुणी रागावत नाही. मीही बसून आले.

माझी धाकटी जाऊ मोबाईल दिसला की तोंडावर पदर ओढायची. तिचा चांगला असा एकच फोटो, तो व्याह्यांनी काढलेला. ती गेली आणि तिची मुलगी दहाव्याच्या आधी फोटो न्यायला आली, तर कॉम्प्युटर काही केल्या उघडेना. उघडला तरी माउस हलवल्यावर बाण मागाहून हलायचा. पोरगी रडायला लागली. व्याह्यांनी यंत्र गोधडीत गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन नसरापूर गाठलं.

दुकानदार म्हणाला, "आजोबा, दुरुस्तीत पैसे घालू नका. फॉरमॅट मारून सगळं नव्यानं टाकू."

"आन् आतली माणसं?"

"फोटो व्हय? ठेवून जा. जमतील तेवढे काढतो."

"जमतील तेवढे? बैल लंगडला म्हणून गोठा जाळायचा व्हय?" असं म्हणून यंत्र पुन्हा गोधडीत.

घरी त्यांचा मुलगा म्हणे फॉरमॅट, व्याही म्हणत दुरुस्ती. शेवटी व्याही देवळात कौल लावायला गेले. आमच्याकडे देवाला दोन कळ्या लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव म्हणाला, "देवाला काय म्हणून विचारू?"

"विचार, सगळं घर रिकामं करून, झाडून पुन्हा मांडू का?"

उजवी पडली. मुलगा खूश झाला. व्याही पायरी उतरताना शांतपणे म्हणाले, "देव हो म्हणलाय. पर घर झाडायच्या आधी माणसं भाईर काढत्यात."

मग बसले. यंत्राचं झाकण काढून पंखा त्याच्यावर लावला. घरातली माणसं घामानं निथळत होती. वीज दबते म्हणून मिक्सर बंद, म्हणून विहीणबाई चटणी पाट्यावर वाटत होत्या आणि वरवंट्याच्या प्रत्येक रेट्याला नवऱ्याला ऐकवत होत्या. एकेक फोटो पेनड्राइव्हवर घ्यायचा, यंत्र तापून बंद पडलं की निवू द्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पोरांना मदत करू दिली नाही. "तुमाला घाई हाय," म्हणाले. अशी चिकाटी मी शेतातही फार पाहिलेली नाही. एक माणूस मागे राहिला नाही. जावेचा फोटो दहाव्याच्या आदल्या दिवशी निघाला. मगच त्यांनी मुलाला फॉरमॅट मारू दिलं.

दहाव्याला फोटो पाटावर मांडला. जाऊ त्यात तोंड उघडून, हात उगारून कुणाला तरी बोलत होती. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, असा कुठं फोटो असतोय का. मी व्याह्यांना विचारलं, तर म्हणाले, "विहीणबाई, त्या मलाच बोलत हुत्या. कॉम्प्युटर लवकर सुरू हुईना, म्हणून."

ती अशीच बोलायची, सकाळपासून, मला. पुतणीला सांगितलं, दुसरा शोधू नको, हाच लाव. आता जावेच्या घरी गेले की मी भिंतीवरच्या त्या फोटोसमोर थोडी बसते, तिची बोलणी खात.