बाहेरच्या भोकातली पिन

पनवेलच्या खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. हत्यारं काढण्याआधी त्याने मला होडीत माझ्या नेहमीच्या जागी बसवलं आणि स्वतः काठावर उकिडवा बसून होडी पाण्यात कशी कलते ते बघत राहिला. मग तळहात पँटला पुसून उठला आणि मला काठावर उतरवलं.

दोन वर्षांपूर्वी याच होडीतून माझा मेहुणा पाण्यात पडला होता. ‘वयानं तोल गेला त्याचा,’ असं मी घरी सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. खरं तर वेग वाढावा म्हणून त्या सकाळी मीच इंजिनाचा कल ठरवणारी पिन बाहेरच्या भोकात घातली होती. होडीचं तोंड सारखं वर उचलून आपटत होतं. तेव्हापासून होडी पडून होती.

परवा या दुरुस्तीला मेहुणा नुसता सोबत म्हणून आला होता.

कारागिराने पिन चाचपली. “ही हितं कोनी घातली? अशानं बसलेला मानूसबी उडंल.”

“मी,” मी म्हणालो आणि मेहुण्याकडे वळलो. “तू पडलास तेव्हाही तिथंच होती. तुझा तोल गेला नव्हता.”

इतकं बोलून मला फार हलकं वाटलं.

मेहुण्याने वाकून पिन बघितली. “दाजी, दोन वर्षं ताईनं मला स्कूटरला हात लावू दिला नाही.”

कारागीर पिन दोन भोकं आत सरकवत म्हणाला, “भांडन होडीत बसून करा काका. आता उसळनार नाय.”

मेहुणा माझ्याआधी चढला.