उन्हाचं औषध

आत्याबाईंचा नवरा वारला की नुसताच निघून गेला, यावर गल्लीत दोन पक्ष होते. आत्याबाई दोन्ही पक्षांना हसत आणि कोंबड्यांचं बोलायला लागत. भावाची पत्र्याची शेड, त्यात आठशे कोंबड्या आणि शेडला चिकटून एक खोली, एवढाच त्यांचा संसार. गेल्या उन्हाळ्यात निम्म्या कोंबड्या गेल्या, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "ताई, यंदा पुन्हा असं झालं तर शेड मोडायची. मग तू ये आमच्याकडे राहायला." भावजयीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता म्हणे.

म्हणून आत्याबाईंनी जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. त्याने पुदिना, आलं आणि हळदीची पूड खाद्यात कालवायला सांगितली. "पहाटे गारव्यात द्या. दुपारी खाद्याची भांडी वर टांगा. नुसतं पाणी पाजा."

आत्याबाईंच्या खाटेवरसुद्धा पुदिना वाळायला लागला.

"काय आत्या, दात घासायची पावडर काढलीत की काय?" दूधवाल्याने विचारलं.

"हो ना. पहिली पुडी तुलाच. लांबूनच बोल."

पंधरा दिवसांत फरक दिसला. धापा कमी झाल्या, अंड्यांची टरफलं पुन्हा जाड झाली. आत्याबाईंनी डब्यावर चमचा वाजवला की आठशेच्या आठशे धावत येत. नवरा काही कधी एका हाकेत आला नव्हता.

मग एक दिवस अकरालाच पत्रा तडतडायला लागला. वीज गेली, पंखे थांबले. कोंबड्या चोची वासून, पंख फाकून जागच्या जागी बसल्या. आत्याबाईंना बघवेना. औषध उन्हाचं, मग ऐन उन्हात नाही द्यायचं तर कधी? त्यांनी दुप्पट पूड कालवली, भांडी खाली घेतली आणि डबा वाजवला.

अशा काहिलीत कोंबडी दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण डबा आत्याबाईंचा! धडपडत उठल्या बिचाऱ्या आणि पोटभर जेवल्या.

चार वाजेपर्यंत सहाशे आडव्या झाल्या होत्या.

डॉक्टरने एकीच्या गळ्याखालची पिशवी दाबून पाहिली. "गच्च भरलीय. भर उन्हात खाल्लं की पचवता पचवता अंग आतून तापतं. पूड चांगली होती हो, आत्या. उपाशी असत्या तर बऱ्याचशा वाचल्या असत्या."

"त्या येत नव्हत्या," आत्याबाई म्हणाल्या. "मीच बोलावलं."

भाऊ चिडला असता तर निदान भांडता आलं असतं. तो हळूच म्हणाला, "ताई, तुझं सामान किती आहे?"

सामान म्हणजे एक ट्रंक. उरलेल्या कोंबड्या व्यापारी घेऊन गेला, पत्रेही उतरले. भावजयीने जिन्याखाली गादी घातली आणि गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, आता आराम करा. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही."

आत्याबाईंनी मान डोलावली. खरंच, करायला काही उरलंच नव्हतं.