गिटारची बांधलेली मान

दादाला जाऊन तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात वहिनीने त्याची गिटार अमरावतीहून आमच्याकडे अकोल्याला पाठवली. गोधडीत गुंडाळून, वर सुतळीने बांधून. सोबत चिठ्ठी होती : ‘इथे भिंतीवर पाहवत नाही. तुमच्याकडे असू द्या.’ मी दोन दिवस गोधडी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सोडली, तेव्हा माझं लग्न ज्या दुपारी ठरलं ती सगळी दुपार आठवली.

दादा तेव्हा बडनेरा स्टेशनवर तिकीटबाबू होता. वऱ्हाड मध्यप्रांतात होता त्या दिवसांतली गोष्ट. तिथल्या एका गोवेकर गार्डाने त्याला गिटार शिकवली, म्हणजे डाव्या हाताच्या बोटांच्या तीन ठेवणी शिकवल्या, आणि भुसावळला बदली झाली तेव्हा जुनं वाद्य त्यालाच देऊन टाकलं. मात्र एक लोखंडी चिमटा त्याने खिशात ठेवून नेला. त्याला तो ‘कापो’ म्हणे. हा चिमटा वाद्याच्या मानेवर आडवा बसवला की सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात आणि अख्खं वाद्य वरच्या सुरात जातं. बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. ज्याला तीनच ठेवणी येतात त्याला असा चिमटा म्हणजे मोठाच आधार.

दादाने स्वतःचा कापो तयार केला. अर्धी पेन्सिल तारांवर आडवी ठेवायची, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने ती मागून आवळायची, आणि मानेच्या लाकडाला चरे पडू नयेत म्हणून पट्टीखाली आईच्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची. काम चोख होत असे. दिसायला मात्र ते कसं दिसतं, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

मला तोवर चार ठिकाणचे पाहुणे पाहून गेले होते. एकाला माझा चष्मा खटकला, एकाला रंग. उरलेल्या दोघांना मी मॅट्रिक झाल्याचं कौतुक होतं, पण पुढे शाळेत शिकवायची माझी इच्छा ऐकून त्यांचा चहा थंड झाला. पाचवं स्थळ अकोल्याचं. मुलगा स्वतः मास्तर. त्याच्या पत्रात एक ओळ होती : ‘मुलीने लग्नानंतर कन्याशाळेत काम केल्यास माझी हरकत नाही.’ ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कागदाची घडी फाटली. हे स्थळ मला हवं होतं. तसं बोलून दाखवायची पद्धत नव्हती, म्हणून मी ते फक्त दादाला सांगितलं.

मुलीने गाणं म्हणायचं हे ठरलेलंच. आमच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता. दादा म्हणाला, “मी आहे ना.”

“सायबाचं वाद्य पाहुण्यांसमोर?” आई म्हणाली.

“आई, साहेब भुसावळला गेला. आता ते आपलंच आहे.”

खरी अडचण माझ्या आवाजाची होती. तो खालचा, जरा जाड. मुलीचा आवाज कसा वर, बारीक हवा, असं आईचं मत. म्हणून पाचव्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या पितळी पट्टीवर, पेन्सिल बांधून दादाने आठ दिवस माझ्याकडून एक जुनं पद वरच्या सुरात घोटवून घेतलं. शेवटच्या ओळीला माझ्या मानेच्या शिरा दिसत. आई खूश होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्यांची थोरली बहीण. वडील बाळापूरकडचे, घरची काळीची शेती, बैल पारखण्यात नाव असलेले. आत्याबाई आल्याआल्या सुपारी कातरायला बसल्या. मुलगा खाली मान घालून सतरंजीचे पट्टे पाहत होता. मी पोहे दिले, नमस्कार केले, नाव सांगितलं. मग दादा आतून गिटार घेऊन आला.

होणारे सासरे पोह्यांचा घास तसाच हातात धरून त्या मानेकडे पाहत राहिले.

“काहून हो, याची मान मोडली काय?”

“नाही काकाजी. याला कापो म्हणतात. सूर वर नेण्यासाठी बांधलाय.”

“मोडलं नाई तं चिंधी कायले बांधली?”

मग मलाही दिसलं. आडवी काडी, काळी पट्टी, खाली विटून पांढरी पडलेली चिंधी. हाडवैद्य मोडलेला हात बांधतो, हुबेहूब तसंच.

दादाने समजावून सांगितलं. तारा, पडदे, दाब, सगळं. जितकं समजावलं तितका त्यांचा संशय वाढला. ते शांतपणे म्हणाले, “हे पाहा बापू, बाजारात पायाले चिंधी बांधलेला बैल आला, तं आमी चिंधी सोडून पायतो. इकणारा म्हन्ते, माशा बसतात म्हून बांधली.”

आत्याबाईंनी अडकित्ता थांबवला. “चष्मा पोट्टीले, चिंधी वाद्याले. या घरात साबूत काई हाय का नाई?”

दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. माझे वडील खाकरले. दादाने माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल सुटली तर आठ दिवसांची मेहनत गेली, आणि नाही सोडली तर अकोला गेलं. त्याने ट्यूबची गाठ सोडली, चिंधीची घडी घालून खिशात ठेवली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

सासऱ्यांनी गिटार मांडीवर घेतली. मानेवरून अंगठा फिरवला, पोटावर टिचकी मारली, भोकाला डोळा लावून आत पाहिलं. “हाय तं साबूत,” ते जरा निराशेने म्हणाले. “आता वाजवा, बिना चिंधीचं.”

दादाने वाजवलं. त्याची बोटं त्याच ठेवणीत, पण सूर थेट तळघरात. मी सवयीने वरच धरलं. पहिलीच ओळ अशी बेसूर निघाली की आत्याबाईंच्या हातून सुपारी निसटली. दारातून आई बोट वर करून खुणावत होती : वर, वर! शेजारून दादा ओठ न हलवता म्हणाला, “बाई, खाली ये. मला वर येता येत नाही.”

मी खाली आले. माझ्या स्वतःच्या आवाजात आले, ज्यात मी एकटीच असताना पुस्तकं वाचत असे. पद संपलं. माझ्या शिरा जागच्या जागी होत्या.

“आवाज जाड हाय,” सासरे म्हणाले.

हे स्थळही गेलं, असं मी मनाशी म्हटलं आणि पोह्यांच्या बश्या मोजू लागले.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. सतरंजीकडे पाहतच म्हणाला, “मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल.”

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गिटारकडे. “मंग झालं,” ते म्हणाले, आणि राहिलेला घास तोंडात टाकला.

मी एकोणतीस वर्षं कन्याशाळेत शिकवलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पण गिटार मोडकीच होती आणि आम्ही ती चलाखीने पुढे केली, हे सासऱ्यांच्या मनातून कधी गेलं नाही. दिवाळीला दादा आला की पाय धुवायच्या आधी प्रश्न यायचा, “वाद्य जुडलं काय?”

“जुडून राहिलं, काकाजी,” दादा सांगायचा. एकदा त्यांनी बाळापूरच्या हाडवैद्याकडून तेलाची बाटली आणून त्याच्या पिशवीत ठेवली. दादाने ते तेल पुढे गुडघ्याला लावलं. गुण आल्याचंही कळवलं, गुडघ्याला की गिटारला ते न सांगता. सासरे अख्ख्या बाळापूरला सांगत फिरले.

परवा गोधडी सोडली तेव्हा पाचव्या पडद्यावर पेन्सिल बांधलेलीच होती. ट्यूब कडक होऊन भेगाळलेली. चिंधी तीच, की वहिनीच्या लुगड्याची, ओळखता आलं नाही.

हे जवळ येऊन बसले. “ताण राहून मान वाकेल,” म्हणाले आणि गाठीकडे हात नेला.

मी म्हटलं, “असू द्या. अजून जुडलं नाही.”

त्यांनी हात मागे घेतला.