वडिलांचा स्टाफ नंबर

मी आयुष्यात नोकरीसाठी एकच अर्ज केला आणि तोही माझ्या वडिलांनी लिहिला. मी फक्त सही केली, आणि ती कुठे करायची तेही त्यांनी आधी पेन्सिलीने फुली मारून दाखवलं होतं. त्या एका अर्जावर मी भोपाळला आलो, पिपलानीत, कारखान्याच्या कॉलनीत, क्वार्टर मिळालं आणि कारखान्याच्या पर्सोनेल विभागात टेबल मिळालं. त्या टेबलावरचं काम काय, तर लोकांचे अर्ज चाळणं. हे शहाणपण सरकारी कारखान्यातच बघायला मिळतं.

वीस वर्षं अर्ज चाळले की माणसाला वाटू लागतं, आपल्याला अर्जातलं कळतं. कॉलनीतल्या शाळेच्या मोठ्या बाईंनाही तसंच वाटलं. एकदा बाजारात भाजी घेताना त्या म्हणाल्या, "तुम्ही भरतीवाले. आमच्या बारावीच्या मुलांना जरा शिकवा ना. नोकरी शोधायची कशी, अर्ज करायचा कसा. कारखान्यात आता पूर्वीसारखी भरती होत नाही, बाहेरच बघावं लागणार आहे पोरांना. दर शनिवारी एक तास."

मी घरी येऊन ही बातमी शक्य तितक्या सहज आवाजात सांगितली. बायको कणीक मळत होती.

"तुम्ही शिकवणार? अर्ज करायला?"

"का, काय झालं?"

"काही नाही. मला बघायला आलात तेव्हाही अर्ज मामंजींनीच केला होता, म्हणून विचारलं."

ती इंदूरची आहे. तिकडची माणसं गोड बोलतात असं लग्नाआधी मला सांगण्यात आलं होतं.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वर्ग हिंदीत चालायचा. माझी हिंदी वीस वर्षांनंतरही अशी, की मी तोंड उघडलं की पहिल्या बाकावरची मुलं वहीत डोकं घालत. पण फळ्यावर अर्ज काढायला लागलो आणि मला सूर सापडला. डावीकडे चार बोटं समास. वर तारीख. मग नाव, वडिलांचं नाव, वडिलांचं डिपार्टमेंट, वडिलांचा स्टाफ नंबर, क्वार्टर नंबर.

स्टाफ नंबरावर मी खास जोर दिला. आमच्या कॉलनीत माणसाचं नाव एक वेळ विसरलं तरी चालतं. दवाखान्यात, शाळेत, वाचनालयात, सगळीकडे आधी वडिलांचा स्टाफ नंबर विचारतात. पोरांना पाढ्यांच्या आधी तो पाठ होतो. शिकाऊ उमेदवारांच्या भरतीत कर्मचाऱ्यांच्या मुलांचा गठ्ठा मी वेगळा काढायचो, तोही त्या नंबरावरूनच. "हा विसरलात तर अर्ज गेला टोपलीत," मी फळ्यावर खडू आपटून सांगितलं. ज्यांचे वडील कारखान्यात नव्हते अशा दोघातिघांना म्हटलं, तुम्ही तिथे रेघ मारा.

या वर्गात आमच्याच ओळीतली, तीन दारं सोडून राहणारी एक मुलगी होती. वर्गात मला सर म्हणायची आणि घरी काका. तिचे वडील टर्नर; लेथवरचा त्यांचा हात सगळ्या शॉपमध्ये नावाजलेला. ते दिवाळीच्या सुमारास रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. त्यांनी घरात जाहीर केलं होतं, भुसावळजवळच्या आपल्या गावी जायचं. लेकीने हट्ट धरला तेव्हा एवढंच म्हणाले, "तोवर तुला इथे नोकरी लागली तर राहू. कॉलनीबाहेर अयोध्या नगरात खोल्या बघू. नाहीतर ट्रक सांगतो."

"काका, गावाला मी दर उन्हाळ्यात पाहुणी म्हणून जाते," ती मला म्हणाली होती. "आणि पाहुणी चार दिवसांत कंटाळते. माझं सगळं इथंच आहे. कॉलेज पण संध्याकाळचं मिळेल इथे." म्हणजे बाकी मुलांचा शनिवारचा तास मजेचा असला तरी तिचं अख्खं भोपाळ त्यावर अवलंबून होतं.

बारावीचा निकाल लागला. कारखान्याला सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं आमच्या भागात बरीच. मी त्यांची यादी केली, पोरांनी माझ्या नमुन्याबरहुकूम अर्ज लिहिले, मी प्रत्येकाचा समास बोटांनी मोजून पाहिला आणि गठ्ठा पोस्टात टाकला.

महिना गेला. एकालाही उत्तर आलं नाही.

"धीर धरा," मी मुलांना सांगितलं. "आमच्याकडे आठ महिने लागतात." यात मुलांना धीर वाटण्यासारखं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या मुलीने तर बोटांवर दिवाळीपर्यंतचे महिने मोजले. तिच्याकडे आठ महिने नव्हते, तीन होते.

ती थांबली नाही. एका सकाळी सायकल काढून अयोध्या नगरच्या पलीकडच्या एका वर्कशॉपात स्वतःच गेली, आणि परत येताना तडक आमच्या घरी आली. मी जेवायला बसलो होतो.

"काका, मी गेली होती तिथे. मालक भेटले. आपले सगळे अर्ज त्यांनी ठेवलेत, एका तारेत ओवून."

"बघ, ठेवलेत ना."

"हो. ते म्हणाले, हा नंबर कोणाचा आहे? त्यांनी फोन लावून बघितला होता त्याच्यावर. लागला नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अशा वेळी ती कधी चुकत नाही.

"मी सांगितलं, पप्पांचा स्टाफ नंबर आहे. तर ते म्हणाले, बेटा, पापा का तो सब पता चल गया. पापा का डिपार्टमेंट, पापा का क्वार्टर. तुम क्या करती हो, ये तो किसी ने लिखा ही नहीं."

मी घास ताटात ठेवला. वीस वर्षं मी ज्या अर्जांवर बसलो होतो त्यातल्या एकाही अर्जात, उमेदवाराला काय येतं, हे मी कधी वाचलं नव्हतं. ते वाचायचं काम पुढच्या टेबलाचं होतं. मी आपलं माझ्या टेबलापुरतं शिकवलं होतं, आणि जग माझ्या टेबलाएवढं आहे असं धरून चाललो होतो.

"चुकलं माझं," मी म्हटलं. लग्नानंतर हे वाक्य मी घरात दुसऱ्यांदा उच्चारत होतो, त्यामुळे बायकोनेही पुढचा टोमणा राखून ठेवला. ती त्या मुलीशेजारी येऊन बसली.

"बरं, पण तुला येतं काय गं?"

"काही नाही काकू. बारावी."

"काही नाही कसं? गेल्या उन्हाळ्यात माझे सात पापड रिजेक्ट कुणी केले?"

आता हे सांगायला हवं. दर उन्हाळ्यात आमच्या ओळीतल्या बायका एकत्र पापड लाटत. ही मुलगी वडिलांचा जुना मायक्रोमीटर घेऊन यायची. तेलकट फडक्यात गुंडाळून लाकडी डबीत ठेवलेलं ते यंत्र वडिलांनी शिकाऊ असताना स्वतः घेतलं होतं, आणि लेकीला लहानपणीच वाचायला शिकवलं होतं. वाळलेला पापड त्यात धरून ती जाडी सांगायची, आणि जाड निघाला की बाजूला ठेवायची. बायका चिडायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिलाच बोलवायच्या.

"ते काय काकू, ते तर खेळ होता."

"तुझा खेळ असेल. माझे सात पापड होते."

"हे अर्जात लिहायचं," मी म्हटलं. म्हणालो खरा, पण पापड हा शब्द अर्जात जाणार या कल्पनेने माझ्यातला पर्सोनेलवाला कासावीस झाला. शेवटी आम्ही तिघांनी मिळून मसुदा केला. म्हणजे त्या दोघींनी केला, मी कागद धरला. चार ओळी झाल्या. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर वाचता येतो. लेथचं ड्रॉइंग समजतं. माप घेऊन रजिस्टरात नीट नोंद करता येते. वडिलांचं फक्त नाव.

"समास?" मी विचारलं.

"आहे काका," ती म्हणाली. "तुमच्यासाठी सोडलाय."

पुढच्या शनिवारी सगळ्या मुलांना परत बोलावलं आणि फळ्यावर माझा तो नमुना लिहून त्यांच्यादेखत पुसला. सर चुकले हे बघण्याचा आनंद मुलांनी मनमोकळेपणाने घेतला. मग म्हटलं, आता प्रत्येकाने आपल्याला काय येतं ते लिहा. अर्धा तास कुणी काही लिहीना. मग एकीने लिहिलं, शिलाई मशीन उघडून साफ करता येतं. एकाने लिहिलं, स्कूटरचा प्लग. ज्यांना मी रेघ मारायला लावली होती त्यांतल्या एकीच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. तिचाच कागद सगळ्यांत आधी भरला, पाठपोट.

टर्नरच्या मुलीला आठवड्याभरात बोलावणं आलं. मालकांनी समोर वॉशरचा ढीग टाकला आणि म्हणाले, मोजून दाखव. तिने शांतपणे एकेक मोजला आणि दोन बाजूला काढले. ते दोन त्यांच्या माणसाने पास केलेले होते. त्यांनी विचारलं, "कहाँ सीखा?" तिने पापडांचं सगळं सांगून टाकलं. मालक हसले, आणि म्हणाले, तीन महिने बघू, तपासणीच्या टेबलावर बस. कामाची वेळ संध्याकाळी कॉलेजला जाता येईल अशी होती, हे तिने स्वतःच विचारून घेतलं. मी हे शिकवलं नव्हतं.

तीन महिन्यांपैकी दोन झाले तेव्हा मालकांनी तिला पक्कं केलं. तिच्या वडिलांनी ट्रक सांगितलेला होता. तो रद्द केला आणि अयोध्या नगरात दोन खोल्या बघितल्या. ते रिटायर झाले त्या दिवशी हार, नारळ, भाषणं सगळं झालं. मी भाषणात काय बोललो ते बायकोला विचारू नका.

पंधराएक दिवसांनी ते नव्या घरून चालत आमच्याकडे आले. हातात कोरा कागद होता.

"जरा एक अर्ज लिहून द्या हो," ते म्हणाले. "गॅसचं कनेक्शन नव्या पत्त्यावर करून घ्यायचंय."

"मी कशाला? लेकीला सांगा की. ती माझ्यापेक्षा चांगला लिहिते."

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि खुर्चीत जरा ताठ बसले. "पण ती ड्युटीवर आहे ना."

मी पेन उघडलं. समास सोडला, चार बोटं.